मुंजीच्या कॅसेटमधून आजीचा फोटो काढायची खटपट

आमच्याकडे आजीचा धड असा एकही फोटो नाही. म्हणजे आहेत तसे दोनतीन, पण एकात डोळे मिटलेले, एकात अर्धं तोंड पदराआड, आणि पासबुकावरच्या फोटोत तर चोरी पकडल्यासारखी बघतेय बिचारी. मग काकू म्हणाली अरे दादाच्या मुंजीची कॅसेट आहे ना, तीत आहेत की सासूबाई. १९९३ ची व्हीएचएस, माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागे, नशिबाने बुरशी नव्हती लागलेली.

पहिली चूक केली ती म्हणजे एका दुकानात फाइल करायला दिली. त्याने पेनड्राइव्हवर इतकी दाबून दिली की चेहऱ्यांचे नुसते चौकोन. शेवटी मित्राचा व्हीसीआर आणला, कॅप्चर कार्ड (कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरात घेणारं यंत्र) लावलं आणि स्वतःच उतरवली, फाइल कितीही मोठी झाली तरी होऊ दे म्हटलं. कारण असं आहे की आपल्याकडची कॅसेट हीच मुळात कॉपी असते, ओरिजिनल शूटिंगवाल्याकडे राहायची, त्यात अजून दाबादाबी केली की उरतं काय.

तीन तासांच्या कॅसेटमध्ये आजी किती, तर सगळी मिळून ४० सेकंद. पण आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे आजीचे १००० फोटो झाले की! असं वाटून मी जाम खूश झालो आणि व्हीएलसी प्लेयरमध्ये E दाबत एकेक फ्रेम पुढे जायला लागलो तर हात हलला की कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा. हे इंटरलेसिंग. जुना व्हिडिओ एक फ्रेम दोन हप्त्यांत घेतो, आधी एकाआड एक ओळी आणि मग १/५० सेकंदाने मधल्या राहिलेल्या, तेवढ्यात माणूस हललं की दोन्ही अर्धी एकमेकांत बसत नाहीत. एफएफएमपेग या व्हिडिओच्या फुकट प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडीआयएफ नावाचा फिल्टर आहे, तो दोन्ही हप्ते वेगळे करून सेकंदाला ५० अख्ख्या फ्रेम देतो, म्हणजे निवडायलाही दुप्पट माल. मग सगळ्या पीएनजीत काढून ठेवल्या, जेपीजी नको, ती चित्र दाबते, आधीच फाटकं त्यात अजून.

आणि एक गंमत, फ्रेम निघते ७२० बाय ५७६ ची पण ती दाखवायची असते ७६८ रुंद. तशीच सेव्ह केली तर सगळे थोडे बारीक दिसतात. आजी बारीक दिसली असती तर खूशच झाली असती म्हणा, पण मला आमची आजी हवी होती.

आता खरं काम, निवडायचं. २००० फ्रेममधल्या बहुतेक फुकट. हॅलोजन तोंडावर आला की सगळे डोळे बारीक करतात, दोन शॉटच्या मध्ये मिक्सिंगवाल्याने बदामाच्या आकाराचे इफेक्ट टाकलेत, आणि अक्षता पडताना चेहऱ्यावर नुसते पांढरे फराटे. मला उशिरा कळलं की चांगली फ्रेम डोळ्यांनी शोधायच्या आधी कानांनी शोधावी. बोलताना तोंड वेडंवाकडंच येतं, वाक्य संपलं की मात्र माणूस क्षणभर थांबतं. पंगतीत आजी तूप वाढतेय, शूटिंगवाला जवळ जातो, ती म्हणते "मला काय दाखवतोयस, पोरांना दाखव की" आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहते. तिथे, बरोब्बर तिथे, अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळ ती हलत नाही. हसू यायच्या बेतात आहे पण आलेलं नाही.

त्यातल्या ९ फ्रेम गिम्प या फोटोच्या प्रोग्रॅममध्ये लेयर करून एकावर एक ठेवल्या, जुळवून, आणि खालून वर ओपॅसिटी, म्हणजे गडदपणा, १००, ५०, ३३, २५ टक्के अशी उतरत्या भाजणीने, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा वाटा सारखा. चित्रावरचे वळवळते ठिपके, म्हणजे मुंग्या, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात, चेहरा तिथेच असतो, त्यामुळे सरासरीत मुंग्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतात. खालची कॅसेटची थरथरती पट्टी कापून टाकली.

मग मोह झाला एआयचा. एका अॅपमध्ये टाकलं तर ३० सेकंदात चकाचक फोटो, नऊवारीचे काठ सुद्धा दिसायला लागले. आईला दाखवला, ती बघत राहिली आणि म्हणाली ही कोण? नीट बघितलं तर हनुवटीवरचं गोंदण गायब. त्या अॅपला तो डाग वाटला, पुसला बिचाऱ्याने. वर दात पण नवीन बसवून दिले होते. डिलीट.

माझावाला फोटो मऊ आहे, थोडा धुरकट. ५ बाय ४ इंचाच्या वर प्रिंट काढायला गेलं की फाटतो, आणि नुसता चेहरा कापला तर स्टॅम्पएवढा, म्हणून कापलाच नाही, पंगतीसकट ठेवला. मागे केळीची पानं, बाजूला कुणाचातरी वाटी पुढे केलेला हात. (फोनवर व्हिडिओ घेणाऱ्यांनो, ४के ठेवा, त्याची एक फ्रेम ८ मेगापिक्सेलची असते, आणि म्हाताऱ्या माणसांवर जरा जास्त वेळ थांबा.)

प्रिंट काकूला दिली. तिने चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली तो वाटीवाला हात माझा आहे, ती हिरवी बांगडी बघ, आणि तूप मला शेवटपर्यंत वाढलंच नाही त्यांनी.