स्टॉक मोजायला गेलो तो दिवस

मी लेखा विभागात आहे, अकरा वर्षं झाली. फायर ब्रिगेडच्या फायली माझ्याच टेबलावरून जातात, डिझेल, युनिफॉर्म, गाड्यांच्या दुरुस्त्या सगळं, पण फायर स्टेशनच्या आत मात्र मी त्या दिवसापर्यंत एकदाही पाय ठेवला नव्हता. गेलो तेही कामालाच. वर्षअखेरचं स्टॉक व्हेरिफिकेशन होतं, दोन दिवसांत तीन ठिकाणं उरकायची होती, म्हटलं इथलं दुपारच्या आत संपवून टाकू.

पहिला तास होज, म्हणजे आगीवर पाणी मारायचे पाइप, मोजण्यात गेला. रजिस्टरला ४२, प्रत्यक्षात ४२, मी खूश. पण सोबत दिलेला फायरमन एकेक गुंडाळी सोडून दाखवायला लागला, साहेब हा मोजा पण यात पाणी सोडू नका, हा पण नको, आणि हा तर फक्त फोटोपुरता. सात होज असे निघाले, कुणाला जोडाच्या कपलिंगजवळ चीर, कुणाला पॅचवर पॅच, एकाला चक्क तार गुंडाळलेली. आता आमच्या रजिस्टरात चालू की बंद असा रकानाच नाही, नग एवढाच रकाना आहे. मी ४२ लिहिलं आणि टिक केलं.

मग बीए सेट. म्हणजे धुरात जाताना पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला मास्क असतो ते. सिलिंडर रजिस्टरला १६, मोजले तर १६. फक्त त्यातले १२ वेगळ्या रॅकवर ठेवलेले आणि वर खडूने मोठ्या अक्षरात "नाही" लिहिलेलं. मी विचारलं हे काय, तर स्टेशन ऑफिसर म्हणाले टेस्टची मुदत संपलीय. मी म्हटलं कंप्रेसर तर आपलाच आहे ना, भरून घ्यायचे. ते हसले नाहीत, शांतपणे सांगितलं की साहेब, तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार दाबाची हवा असते, यात ३०० बार. टेस्टला पाणी भरून ४५० पर्यंत दाबून बघतात, फुटायचा असेल तर तिथं पाण्यात फुटू दे, पोराच्या पाठीवर नको.

"मग टेस्टला का पाठवले नाहीत?"

"प्रपोजल दिलंय की. दोनदा."

मी मान हलवली. दिवसाला तीस-चाळीस फायली बघतो मी, कुठली कुठली आठवणार.

तेवढ्यात बेल झाली. ११:४०. मी पेनाला टोपण लावून वर बघितलं तर हॉलमध्ये मी एकटा, एक खुर्ची अजून हलत होती आणि गाडी गेटबाहेर. मला काही सुचेना म्हणून कंट्रोल रूममध्ये जाऊन उभा राहिलो, तिथल्या ऑपरेटर ताईंनी न बघताच हाताने बसा म्हणून खुणावलं.

तीन मजली बिल्डिंग, दुसऱ्या मजल्यावर आग, जिन्यात धूर, आणि फोन करणारी बाई सांगत होती की आजोबा आत आहेत. ११:४७ ला वायरलेसवर ऑफिसरांचा आवाज आला, पोहोचलो, दोन जण आत सोडतोय, दोन बाहेर स्टँडबाय. ताईंनी पॅडवर वेळ लिहिली, पुढे २९० आणि २८०. मी विचारलं हे कसले आकडे, तर म्हणाल्या सिलिंडरचं प्रेशर. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की १८०० लिटर हवा होते, कागदावर ती पाऊण तास पुरते, पण होज ओढत धुरात शिरलेला माणूस मिनिटाला ६०-७० लिटर सहज ओढतो, मग तुम्हीच करा हिशोब. हिशोब माझा धंदा आहे, केला. २५-३० मिनिटं, त्यातला शेवटचा भाग हवा संपत आल्याची शिट्टी वाजल्यावर बाहेर यायला राखून ठेवायचा.

आणि मग माझ्या डोक्यात तो दुसरा हिशोब आला. आत दोन, बाहेर दोन. बाहेरचे दोघं कशाला, तर आतल्यांना काही झालं तर त्यांना काढायला. म्हणजे चार सिलिंडर झाले. आणि चालू किती होते? चारच.

१२:०४ ला शिट्टी झाली, आतले दोघं बाहेर आले, आजोबा सापडले नव्हते. मागची एक खोली बघायची राहिली होती. ऑफिसरांनी विचारलं दुसऱ्या स्टेशनची गाडी किती लांब, ताई म्हणाल्या अजून नऊ मिनिटं. मग वायरलेसवर नुसती खरखर. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पॅडवरच्या वेळा बघितल्या तर एक मिनिटसुद्धा नव्हतं. मग आवाज आला, "स्टँडबायचे दोघं आत पाठवतोय. यांच्या मागे कोणी नाही. नोंद करा." ताईंनी लिहिलं, आणि "मागे कोणी नाही" याच्याखाली दोनदा रेघ मारली.

आजोबा सापडले १२:११ ला. आतमध्ये नाही, समोरच्या बिल्डिंगच्या पायरीवर, चपला हातात घेऊन बसलेले. धूर दिसला तसे ते सगळ्यांच्या आधी बाहेर पडले होते आणि गर्दीत कुणी त्यांना विचारलंच नाही. मागच्या खोलीत कोणी नव्हतं. दोघं धडधाकट बाहेर आले. पण पहिली जोडी बाहेर आल्यावर आतला होज काही मिनिटं बंद होता, दुसरी जोडी गेली ती माणूस शोधायला, तेवढ्यात आग शेजारच्या फ्लॅटमध्ये शिरली आणि तो फ्लॅट गेला. आजोबांच्या फ्लॅटशी ज्यांचा काहीच संबंध नव्हता त्यांचं सगळं गेलं.

अडीचला गाडी परत आली. मी गेलो नव्हतो, बाकीची दोन ठिकाणं तशीच राहिली. पोरांनी तोंडं धुतली, होज धुऊन वाळत टाकले. एक होज तिथं फुटला होता, म्हणजे सातचे आठ झाले. ऑफिसर माझ्यापाशी येऊन म्हणाले राहिलेलं मोजून घ्या साहेब, आणि खरंच मोजणं आता सोपं होतं, सोळाही सिलिंडर त्या घडीला बिनकामाचे, बारा मुदत संपलेले आणि चार वापरून आलेले. मी म्हटलं ते प्रपोजल बघू. त्यांनी फाईल आणून दिली, शेवटचं पान उघडूनच.

"गेल्या वर्षभरात सदर सिलिंडर प्रत्यक्षात किती वेळा वापरले याचा तपशील जोडून फेरसादर करावे." खाली माझी सही, सात महिन्यांपूर्वीची तारीख. ते माझं अक्षर आहे हे त्यांना आधीपासून माहीत होतं का, ते मी विचारलं नाही.

आता हा शेरा मी दुष्टपणाने मारला नव्हता हेही सांगतो. झेरॉक्स मशीनच्या दुरुस्तीचं प्रपोजल आलं तरी आम्ही हेच विचारतो, वापर किती. पण फायर स्टेशनचे बहुतेक पैसे वाट बघण्यावरच जातात आणि त्याला आमच्याकडे रकाना नाही. साधं माणसांचंच घ्या. गाडीवरची एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याचे १६८ तास भागिले एका माणसाचे ४८, साडेतीन माणसं, रजा-आजारपण धरलं की चार-साडेचार. गाडीवर सहा जण हवेत तर सत्तावीस माणसांचा पगार. आणि मग आमच्यासारखा कोणी विचारतो, एवढी माणसं करतात काय दिवसभर? त्याच वर्षी नवीन गाडी मात्र विनातक्रार मंजूर झाली होती, ती भांडवली खर्चात बसते, तिला हार घालता येतो, फोटो निघतो. टेस्टिंग, होज, मास्कच्या काचा हे सगळं दुरुस्ती-देखभालीत, आणि कपात करायची वेळ आली की हात पहिल्यांदा तिथंच जातो. माझाही.

नंतर याच नादात वाचत बसलो तर कळलं की हे भांडण फार जुनं आहे. लंडनमध्ये आधी बंब इन्शुरन्स कंपन्यांचे असायचे. १८६१ साली टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली, दोन आठवडे धुमसत होती, ब्रिगेडचा प्रमुख जेम्स ब्रेडवूड भिंत अंगावर पडून गेला, आणि कंपन्यांनी सरकारला सांगितलं की हा खर्च आता आम्हाला झेपत नाही. मग १८६५ चा कायदा आणि १८६६ पासून सार्वजनिक ब्रिगेड, पैसे थोडे करातून, थोडे कंपन्यांकडून, थोडे सरकारकडून. म्हणजे तिथंही पहिला प्रश्न हाच, कुठल्या खात्यात टाकायचं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः टिपणी टाकली आणि वापराचा तपशील म्हणून ताईंच्या पॅडच्या त्या पानाची कॉपी जोडली, दोन रेघांसकट. फाईल वर गेली आणि चार दिवसांनी परत आली. शेरा होता, सदर खर्च दुरुस्तीमध्ये घ्यावा की सेवा शुल्कामध्ये याबाबत स्पष्ट अभिप्राय द्यावा. दिला. परत गेली, परत आली, शेवटी पाचव्या आठवड्यात सिलिंडर टेस्टला गेले.

बारापैकी अकरा पास झाले. एक नापास झाला, तो त्यांनी तिथंच भोक पाडून निकामी केला, तसंच करतात म्हणे, चुकून कोणी भरू नये म्हणून. त्यामुळे आता रजिस्टरला १६ आणि प्रत्यक्षात १५, स्टॉक जुळत नाही, निर्लेखनाचा, म्हणजे रजिस्टरातून तो नग कमी करण्याचा, प्रस्ताव लागतो. तो कालच आलाय माझ्या टेबलावर. नग १, शेऱ्याची जागा रिकामी आहे.