तुम्ही विचारलंत म्हणून: "फक्त तोंडानं केलं, त्यानं काही होत नाही ना?"

सरकारी रुग्णालयात एचआयव्ही तपासणीआधी लोकांशी बोलणं हे माझं काम. हा प्रश्न तिथे मला सतत ऐकू येतो, बहुतेकदा माणूस खुर्चीतून उठता उठता विचारतो. त्याच्या मनात भीती एकट्या एचआयव्हीची असते.

म्हणून आधी तेच सांगते. मुखमैथुनातून एचआयव्ही लागण्याची शक्यता फारच कमी आहे. लाळेतून तो पसरत नाही. तोंडात जखम असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर धोका थोडा वाढतो, इतकंच. रिपोर्ट निगेटिव्ह आला की लोक निर्धास्त होऊन घरी जातात, आणि मला काळजी वाटते ती तिथेच. या वाटेनं सहज येणारे आजार वेगळेच आहेत आणि ते त्या रिपोर्टात दिसत नाहीत.

गरमी, म्हणजे सिफिलिस, घ्या. ओठावर, जिभेवर किंवा घशात एखादा कडक कडेचा व्रण उठतो. आपण म्हणतो, तोंड आलंय, आणि बी-कॉम्प्लेक्स सुरू करतो. पण तोंड आलं की तिखटाचा घास झोंबतो. हा व्रण बहुधा दुखतच नाही. तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो, श्रेय गोळ्यांना जातं, आणि जंतू रक्तात पसरत राहतो. पुढे तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे लालसर डाग आले की लोक त्याला ॲलर्जी समजतात. वेळेत निदान झालं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनानं हा आजार पूर्ण बरा होतो. त्यासाठी व्हीडीआरएल ही साधी रक्ततपासणी मागून घ्या. अगदी सुरुवातीला ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करा.

परमा, म्हणजे गनोरिया, घशात बसतो तेव्हा बहुतेकांना काहीच जाणवत नाही. लघवीच्या तपासणीत घशातला जंतू सापडत नाही, घशाचा स्वॅब लागतो. म्हणून डॉक्टरांना "ओरल केलं होतं" असं स्पष्ट सांगा. मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक घेऊ नका. घशातला परमा तसाही चिवट असतो, अर्धवट औषधानं तो आणखी निर्ढावतो.

ओठाच्या कडेला पाण्याचे फोड आले असतील, तर ते सुकून जाईपर्यंत ओरल नकोच. ही हर्पिस नावाची नागीण जोडीदाराच्या गुप्तांगावर उठू शकते. एचपीव्ही या विषाणूमुळे घशाचा कॅन्सरही होऊ शकतो. त्यावरची लस पुण्याच्या सीरमनं 2023 साली आणली आहे, ती मुलग्यांनाही देता येते, आणि शरीरसंबंध सुरू होण्याआधी घेतली तर तिचा उपयोग सर्वांत जास्त.

पुरुषासाठी कंडोम सुरुवातीपासूनच लावा. स्त्रीसाठी कंडोम उभा कापून त्याचा चौकोनी पडदा वापरता येतो. आधी-नंतर चूळ भरणं, ब्रश करणं यानं संरक्षण मिळत नाही, उलट ब्रशनं हिरड्या सोलवटतात.

सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. आधी फोनवर बोलायचं असेल तर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन लावा.

यानंतर दबक्या आवाजात येणारा प्रश्न: "बायकोला सांगायलाच हवं का?" हो. सिफिलिस किंवा गनोरिया निघाला तर तिचीही तपासणी आणि उपचार व्हायला हवेत, नाहीतर तुमचा बरा झालेला आजार परत येईल. ती गरोदर असेल तर एक दिवसही थांबू नका, सिफिलिस बाळापर्यंत पोचतो. कसं सांगायचं सुचत नसेल तर तिला घेऊन या, आपण तिघं बसून बोलू.