तुम्ही विचारलंत म्हणून: वाटी सोडून ग्रॅम कशाला?

"आमच्या आजीने जन्मात काटा वापरला नाही, तरी तिच्या चकल्या खुसखुशीतच व्हायच्या. मग तुमच्या पाककृतींत हे ग्रॅम कशाला?" दिवाळीच्या तोंडावर हे हमखास ऐकावं लागतं, गणपतीत मोदकांच्या निमित्ताने पुन्हा. विचारणाऱ्याला बहुतेकदा उत्तर नको असतं, मी माघार घ्यायला हवी असते. तरी एकदाचं सविस्तर सांगते.

आजी मोजत नव्हती, हेच मुळात मला मान्य नाही. तिची वाटी ठरलेली होती, ती पिठाच्या डब्यातच पडून असायची. गिरणी तीच, तांदूळ वर्षाचा एकदम भरलेला, मोहनाची पळीही तीच. सगळी मापं एकाच वाटीने घेतली की वाटी केवढी आहे याने काही बिघडत नाही. आणि तिच्या आधीच्या बायका तर शेर-छटाक-तोळ्यातच बोलायच्या. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, पाच तोळ्यांची छटाक. 1956 च्या कायद्याने दशमान मापं आली आणि ही मागे पडली. तेव्हा पदार्थ वजनाने करणं हे माझं खूळ नाही, जुनंच आहे.

घोळ होतो तो कृती घराबाहेर पडते तेव्हा. स्टीलची वाटी कुठे 120 मिलिलिटरची, कुठे 200 ची. आपल्याकडे मिळणारा मापाचा कप 240 चा, ऑस्ट्रेलियातला 250 चा. त्यात बेसन चाळून हलक्या हाताने भरलं की एक वजन, डब्यात वाटी खुपसून दाबून काढलं की दुसरं.

मेलबर्नच्या एका ताईंचं प्रकरण मुद्दाम सांगते, कारण त्यानंतर या विषयावर मी वाद घालणं सोडलं आणि सरळ ग्रॅम लिहायला लागले. काकूंकडून आलेली कृती: 4 वाट्या भाजणी, 4 टेबलस्पून कडकडीत तेलाचं मोहन. भाजणी घरचीच, पार्सलने आलेली. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी त्यांचा निरोप आला, सोबत फोटो: कढईत चकली नाहीच, नुसता फेस आणि तळाशी भुगा. त्यांचा संशय तेलावर. पण तेल गार असेल तर चकली तेल पिते, मऊ पडते. ती अशी विरघळत नाही. तेल फार तापलं असेल तर बाहेरून लाल, आतून कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी सादळल्यासारखी लागते. तेलात पडल्या पडल्या फसफसून सुटली की बोट मोहनाकडेच दाखवायचं.

त्यांना म्हटलं, वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. 150 ग्रॅम. म्हणजे वाटी 150 मिलिलिटरची. काकूंची मात्र, फोनवर विचारल्यावर कळलं, 240 ची निघाली. मग चमचा मोजला: 20 ग्रॅम पाणी. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून 20 मिलिलिटरचाच असतो, आपल्याकडे 15 चा.

आता हिशेब बघा. काकूंच्या चार वाट्यांत साधारण 480 ग्रॅम भाजणी आणि 60 मिलिलिटर, म्हणजे 55 ग्रॅम तेल. भाजणीच्या साडेअकरा टक्के. ताईंच्या चार वाट्यांत जेमतेम 300 ग्रॅम भाजणी आणि 73 ग्रॅम तेल. चोवीस टक्के! कृती अक्षरशः पाळली, कणभर इकडेतिकडे केलं नाही, आणि मोहन दुप्पट झालं. एवढ्या तेलात पिठाचे कण एकमेकांना धरत नाहीत. कढईत आतल्या पाण्याची वाफ झाली की सोऱ्यातून पडलेली नळी सुटी होते.

सुदैवाने पहिलाच घाणा होता. उरलेल्या पिठात आणखी 300 ग्रॅम भाजणी घालायला लावली, बिनमोहनाची, गरम पाण्यात भिजवून, तिखट-मीठ-तीळ त्या हिशेबाने वाढवून. मोहन बारा टक्क्यांवर आलं. आधी एकच चकली सोडायची, ती टिकली तर पुढची. बुडबुडे बसेपर्यंत मध्यम आचेवर तळल्या. झाल्या. काटेरी, कुरकुरीत.

एके काळी मीच म्हणायचे की मापं आली की हात मरतो. पिठाला हात लागला की कळतं, वगैरे. आता वाटतं, कळतं ते ज्याने पन्नास वेळा केलंय त्याला. पहिल्यांदा करणारीला नुसता धाक बसतो. पण जुनी मी अगदीच चुकीचं बोलत होते असंही नाही. भाजणीला पाणी किती हे मी आजही ग्रॅममध्ये लिहीत नाही. तांदूळ नवा की जुना, दळण बारीक की रवाळ, यावर ते ठरतं. मापाला माप हे ढोबळ. उकडीला पाऊणच घालायचं, उरलेलं मळताना कोमट करून हाताला लावत जायचं. सोऱ्यातून चकली तुटत तुटत पडली की पाणी कमी, काटे येईनात की जास्त.

पाकाचं तर विचारूच नका. थर्मामीटर घेतला की प्रश्न मिटला असं वाटतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, तिथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, मुंबईत 100 ला. पाकाचा आकडाही तेवढाच सरकतो, आणि रव्याच्या लाडवांत दोन अंशांनी एकतारीचा दोनतारी होतो, लाडू दगड. तिथे मी बोटांवरच विसंबते आणि तसंच लिहिते. यावर मग दुसऱ्या बाजूचे चिडतात: "सगळं ग्रॅममध्ये आणि पाकच तेवढा बोटावर?" हो. बोटावर.

मिठाचं अजून जमलेलं नाही. अर्ध्या किलो भाजणीला 10 ग्रॅम लिहिलं की काहींना खारट लागतं, काहींना अळणी. "चवीनुसार" लिहिलं की फोन येतात, म्हणजे किती? जाडं मीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात सारखं बसत नाही, म्हणून ग्रॅमचा आकडा काढून टाकवतही नाही. यंदा आकडाही ठेवलाय आणि शेजारी "उकड चाखून बघा" असंही लिहिलंय. दोन्हीवर तक्रारी आल्यात.