लिनक्स टाकायचंय, पण कोणतं?

विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हापासून इंदूरच्या आमच्या मराठी घरांतून, रामबाग असो की सुदामानगर, हाच प्रश्न येतो: "काका, लॅपटॉप चांगला चालतोय, फेकवत नाही. लिनक्स घालायचं ठरवलंय, पण कोणतं?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी संगणकप्रणाली; तिचे वेगवेगळ्या लोकांनी बांधलेले तयार संच म्हणजे डिस्ट्रो. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, मांजारो... नावं वाचतानाच माणूस दमतो आणि लॅपटॉप कपाटात जातो. याचं मला फार वाईट वाटतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: मिंट घ्या.

कुणालाही स्वतःचं डिस्ट्रो काढता येतं हे मुक्त परवान्याचं (कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा या परवानगीचं) देणं आहे, ते जायला नको. पण त्याचा भार नवख्यावर पडतो. मराठी टायपिंगचंच बघा. उबुंटूत सेटिंग्जमधल्या कीबोर्डात मराठी जोडायची, मिंटमध्ये 'इनपुट मेथड' उघडायची, केडीई हा डेस्कटॉप (पडद्यावरची मांडणी) असेल तर आणखी तिसरीकडे शोधायचं. लोहित देवनागरी हा फॉन्ट एकच. पण तो बसवायच्या पॅकेजचं नाव उबुंटूत 'फॉन्ट्स-लोहित-देवा', फेडोरात 'लोहित-देवनागरी-फॉन्ट्स'. बसवायची कमांडही एकीकडे ॲप्ट, दुसरीकडे डीएनएफ. फेडोरावाल्या दादाने खपून काढलेली टिपणं मिंटवाल्या मावशींच्या कामाची राहत नाहीत. मराठीत मदत करणारे मुळात थोडे, तेही असे विखुरतात. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१४ च्या डेबकॉन्फ या डेबियनच्या परिषदेत सांगितलं होतं, की आपल्या 'सबसर्फेस' या पाणबुड्यांच्या नोंदवहीच्या प्रोग्रॅमच्या तयार फाइली विंडोज आणि मॅकसाठी काढतो, लिनक्ससाठी नाही. इतक्या डिस्ट्रोंसाठी त्या बनवणं फार जिकिरीचं. पुढे एकच प्रोग्रॅम बऱ्याच डिस्ट्रोंवर चालावा म्हणून स्नॅप, फ्लॅटपॅक, ॲपइमेज हे प्रकार रुळले, म्हणजे उपायही तीन! त्यातला स्नॅप मिंट हे डिस्ट्रो २०२० सालापासून आपणहून बसूच देत नाही.

मिंटचं मुख्य रूप उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) आवृत्तीवर उभं आहे, त्यामुळे उबुंटूसाठी लिहिलेली बरीचशी मदत इथे चालते. मेन्यू विंडोजच्या सवयीचा. मिंट वेगवेगळ्या डेस्कटॉपसह मिळतं: रॅम ४ जीबी असेल तर हलकं एक्सएफसीई घ्या, जास्त असेल तर सिनॅमन. मात्र घरात किंवा शेजारी कुणी फेडोरा वापरत असेल आणि अडल्यावर येऊन बसणार असेल, तर बेलाशक फेडोरा घाला. तो माणूस डिस्ट्रोपेक्षा मोलाचा.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासा. डिस्क पुसण्यापूर्वी फोटो दुसरीकडे काढून ठेवा.