ब्रुजला जायचं तर मुक्कामालाच जा

बेल्जियमला येणारी आपली बहुतेक मंडळी ब्रुज उरकून टाकतात. सकाळी ब्रसेल्सहून निघायचं, अकराच्या सुमाराला मार्क्ट चौकात गर्दीत उभं राहून फोटो काढायचे, बोटीच्या रांगेत तासभर, एक वॉफल, चॉकलेटचे दोन डबे, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. गाव सुंदर होतं पण गर्दी फार, असा अभिप्राय मग घरोघरी ऐकायला मिळतो. गर्दी असते ती अकरा ते सहा. सहानंतर बसेस निघून जातात आणि गल्ल्यांमधून आपल्याच बुटांचा आवाज यायला लागतो. शिवाय ब्रुजची बिअर ही मुळातच संध्याकाळी निवांत बसून घ्यायची गोष्ट आहे. म्हणून मी, बायको आणि साताऱ्याहून आलेला मेहुणा असे तिघं शनिवार-रविवार मुक्काम धरूनच गेलो.

आम्ही राहतो ॲमस्टलव्हेनला. नेदरलँड्समधून येणाऱ्यांनी अँटवर्पला गाडी बदलावी. तिथून गेंटमार्गे थेट गाडी आहे, दीडेक तास लागतो. अँटवर्पचं स्टेशन बघण्यासारखं आहे, त्यामुळे मधला वेळ वाया जात नाही. भारतातून येणाऱ्यांना ब्रसेल्सहून साधारण एक तास. स्टेशनांवर गावाचं नाव ब्रुगे असं लिहिलेलं दिसेल, गोंधळू नका. तिथे फ्रेंच झाडायच्या भानगडीतही पडू नका. हा फ्लँडर्स आहे, बेल्जियमचा डच बोलणारा भाग, डच येत असेल तर उत्तम, नाहीतर सरळ इंग्रजी.

स्टेशनपासून मार्क्ट चालत वीस मिनिटांवर. बसही आहे, पण चालतच जा, कारण वाटेत मिनेवॉटरचं तळं आणि बेगाइनहोफ लागतं. १२४५ साली स्थापन झालेली ही धार्मिक वृत्तीच्या बायकांची वसाहत, पांढऱ्या घरांच्या मधोमध उंच झाडं. संध्याकाळी त्याचे दरवाजे बंद होतात, त्यामुळे येतानाच बघून घेतलेलं बरं. एक सूचना: चाकांची बॅग आणू नका. सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. आमच्या मेहुण्याच्या बॅगेने अर्धं गाव जागं केलं आणि शेवटी ती त्याने डोक्यावर घेतली. पाठीवरची सॅक पुरे.

हॉटेल गावाच्या आत, कालव्यांच्या वेढ्यातच घ्या. बाहेरची स्वस्त पडतात खरी, पण रात्री दोन ग्लास घेतल्यावर परत जायला आपले पाय पुरले पाहिजेत, हा हिशेब इथे महत्त्वाचा. बुकिंगच्या रकमेवर शहराचा मुक्काम-कर वेगळा लागू शकतो.

दुपारी पहिला कार्यक्रम दे हाल्व्ह मान या ब्रुअरीचा. वालप्लाइन नावाच्या छोट्या चौकात १८५६ पासून मास घराण्याची ही ब्रुअरी चालू आहे आणि बिअर आजही गावाच्या पोटातच बनते. टूरचं तिकीट घरूनच ऑनलाइन काढून ठेवा, शनिवारी ऐन वेळी मिळत नाही. पाऊण तासाच्या या फेरीत जिने फार अरुंद आणि चढे आहेत, काही ठिकाणी उलटं उतरावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना सोबत नेणार असाल तर त्यांना खाली अंगणात बसवा. वर गच्चीवरून मात्र लाल कौलांचं अख्खं गाव दिसतं. शेवटी एक ग्लास ब्रुग्ज झॉट मिळते, तीही न गाळलेली, किंचित गढूळ. बाटलीतल्यापेक्षा मला ती जास्त आवडली.

झॉट म्हणजे वेडा, आणि त्यामागची गोष्ट गावकरी चवीने सांगतात. सम्राट मॅक्सिमिलियनच्या स्वागताला ब्रुजकरांनी विदूषकांची रंगीबेरंगी मिरवणूक काढली आणि मग वेड्यांच्या नव्या इस्पितळासाठी परवानगी मागितली. तो म्हणाला, वेशी बंद करा की झालं इस्पितळ! खरं-खोटं देव जाणे. पण पुढच्या पिढ्यांनीही त्या लौकिकाला बट्टा लावलेला नाही, कारण याच ब्रुअरीने गावाखालून बिअरची पाइपलाइन टाकली आहे. बाटल्या भरण्याचा कारखाना गावाबाहेर गेला, आणि टँकर दिवसभर या चिंचोळ्या गल्ल्यांमधून ये-जा करू लागले. मग २०१६ मध्ये तीन किलोमीटरहून थोडी लांब नळी जमिनीखालून टाकली. तासाला ४,००० लिटर बिअर तिच्यातून जाते. खर्चाचा काही भाग लोकवर्गणीतून उभा राहिला. ज्यांनी साडेसात हजार युरो दिले त्यांना जन्मभर रोज एक बाटली. मेहुण्याने तिथल्या तिथे मोबाइल काढून, किती वर्षांत पैसे वसूल होतील याचा हिशेब मांडला. ‘दाजी, ही एफडीपेक्षा बरी!’

तिथून पाच मिनिटांवर ग्रूटह्यूस. हा राजवाडाच म्हणायचा, आता संग्रहालय आहे. लोक त्याच्या अंगणात फोटो काढतात आणि शेजारच्या चर्चमध्ये मायकेलअँजेलोचं मॅडोना आणि बाळाचं शिल्प बघायला जातात. शिल्प बघाच. एकदा फ्रेंचांनी आणि एकदा जर्मनांनी पळवून नेलेलं, आणि दोन्ही वेळा परत आलेलं. पण बिअरसाठी ब्रुजला आलेल्यांनी राजवाड्यातही शिरावं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, रुळण्याआधी इथे बिअरमध्ये ग्रूट घालत. हे रानातल्या सुगंधी झाडपाल्याचं मिश्रण. ते विकण्याचा आणि त्यावर कर घेण्याचा हक्क या ग्रूटह्यूस घराण्याकडे होता. म्हणजे गावात कुणीही बिअर बनवली की यांच्या तिजोरीत खळ्ळकन नाणं पडणार. त्याच पैशाचा हा थाट. वरच्या मजल्यावर लाकडी कोरीवकामाची एक छोटी प्रार्थनेची खोली आहे, १४७२ सालची. तिच्या खिडकीतून थेट शेजारच्या चर्चचा गाभारा दिसतो. घरमालकाने घराबाहेर पाऊल न टाकता, गर्दीत न मिसळता प्रार्थना ऐकायची सोय! त्या खिडकीशी मी बराच वेळ उभा होतो. करवसुलीची ऐट इतकी जवळून क्वचितच बघायला मिळते.

मार्क्टवरचा बेलफ्रीचा मनोरा, ८३ मीटर उंच आणि ३६६ पायऱ्या, मी खालूनच बघितला. बायको वर जाऊन आली आणि चांगला आहे म्हणाली. वेळेचा स्लॉट आधी घ्यावा लागतो.

आता संध्याकाळ. मार्क्ट आणि बुर्ग या दोन चौकांना जोडणाऱ्या ब्रायडलस्ट्राटमध्ये दोन दुकानांच्या मध्ये एक बोळ आहे, इतका अरुंद की समोरून कुणी आलं तर अंग चोरावं लागतं. दोनदा पुढे निघून गेल्याशिवाय तो सापडत नाही. बोळाच्या आत दे गारे हा पब. दोन मजले, लाकडी तुळया, हळू आवाजात शास्त्रीय संगीत आणि लहान टेबलं. आठ-दहा जणांचा ग्रुप घेऊन जाऊ नका, जागाच नाही. इथली घरची बिअर म्हणजे त्रिपल व्हान दे गारे, ११ टक्के. मोठ्या गोल ग्लासात, बोटभर जाड दाट फेसासकट येते, सोबत बशीत चीजचे तुकडे. एका माणसाला तीनच ग्लास, असा तिथला नियम आहे.

मेहुण्याला हा नियम अपमानास्पद वाटला. ‘तीन? दाजी, आमच्याकडं तीन तर बिलाची वाट बघताना होतात.’ पहिल्या घोटाला दुसरी तक्रार, ही तर थंडच नाही! आपल्याला बर्फगार, घशाखाली झटकन उतरणाऱ्या बिअरची सवय. ही तशी नाही. फार गार केली की तिची चवच झोपते. आधी थोडं केळ्या-लवंगेसारखं काहीतरी, मग माल्टचा गोडवा, आणि शेवटी कडवटपणा. ११ टक्के अजिबात जाणवत नाहीत, हीच तिची गोम. दुसरा ग्लास अर्धा झाला तसा मेहुणा एकदम शांत झाला, आणि तिसऱ्याचं नाव त्याने काढलं नाही.

हे गणित निघण्याआधीच समजून घ्या, म्हणजे रात्र वाया जात नाही. दुब्बेल म्हणजे गडद, मनुकांच्या चवीची, साधारण ६ ते ८ टक्के. त्रिपल सोनेरी आणि ८ ते १० टक्के. क्वाड्रुपल त्याहून वर: हाल्व्ह मानचीच स्ट्राफे हेंड्रिक क्वाड्रुपल ११ टक्के आहे. म्हणजे ३३ सेंटिलिटरच्या एका ग्लासात आपल्याकडच्या साध्या बिअरच्या दोन पाइंट. आम्ही दोन ग्लासांच्या मध्ये काहीतरी खायचं आणि पाणी मागवायचं असं ठरवलं होतं. पाण्याचेही पैसे पडतात, नळाचं पाणी फुकट देण्याची पद्धत बेल्जियममध्ये सहसा नाही. चिडू नका, मागवा.

दे गारेपासून काही मिनिटांवर केमेलस्ट्राटमध्ये ’त ब्रुग्स बेरच्ये. १९८३ पासूनचं हे पब, बिअरची यादी जवळपास ३०० नावांची. ती वाचत बसू नका. वेटरला सांगा की गोड हवी, कडू हवी, की आंबट. तो नेमकी काढून देतो, आणि प्रत्येक बिअर तिच्या तिच्या ग्लासात. बायको एरवी बिअरला हात लावत नाही. तिने आंबट म्हणून सांगितलं, तर रोडेनबाख आली. वेस्ट फ्लँडर्समधल्याच रुसलारे गावची ही लालसर बिअर ओकच्या प्रचंड पिंपांमध्ये मुरवलेली असते. तिने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘अगं बाई, हे तर आगळ!’ खरंच, आमसुलाच्या आगळासारखाच तो आंबटपणा. बिअर न आवडणाऱ्यांना हीच आधी द्या. कुणाला दारू नकोच असेल तर हाल्व्ह मानची स्पोर्टझॉट ही बिनदारूची आहे आणि ती चक्क चांगली लागते. मी ऑर्व्हालवर थांबलो. ही ट्रॅपिस्ट, म्हणजे मठाच्या आवारात साधूंच्या देखरेखीखाली बनणारी. आमच्याकडच्या एखाद्या मठात हे चाललं असतं तर काय झालं असतं, यावर परतताना बरीच चर्चा झाली.

खाण्याबद्दल. शाकाहारी लोकांची पंचाईत होते ती नेमकी फ्राइजमध्ये. बेल्जियममध्ये पारंपरिक फ्राइज गाईच्या चरबीत तळतात. तेलात तळणारेही आहेत, पण विचारल्याशिवाय कळत नाही. गोमांस न खाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं. स्टोफव्लेस हा बिअरमध्ये शिजवलेला रस्सा गोमांसाचाच असतो. कासक्रोकेटन, म्हणजे चीजची तळलेली क्रोकेट, जवळपास सगळीकडे मिळतात, पण त्यांच्या शेजारीच मेनूवर करड्या कोळंबीच्या असतात, त्यामुळे नाव नीट वाचून बोट ठेवा. कोकणातल्या माणसाने मात्र कोळंबीच्याच घ्याव्यात.

रविवारी सकाळी दुकानं उशिरा उघडतात आणि गाव जवळजवळ आपलंच असतं. आम्ही सायकली भाड्याने घेतल्या आणि कालव्याच्या काठाने दामे गावाला गेलो. सहा-सात किलोमीटर, पूर्ण सपाट, दोन्ही बाजूंना वाऱ्याने वाकलेले पॉप्लर. समुद्र जवळ असल्याने वारा जोरात असतो, जाताना पाठीवर असेल तर येताना किती पायडल मारावं लागेल याचा अंदाज बांधूनच निघा. दामेत कॉफीच घ्या. सायकल चालवणाऱ्यालाही दारूच्या मर्यादेचा नियम लागू आहे आणि दंड होतो.

परतीच्या वाटेवर सायकली जमा करून सिंत आना भागात व्लिसिंगेला गेलो. १५१५ पासूनचा हा कॅफे. तेव्हा महाराष्ट्रात निजामशाही होती आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला शंभराहून जास्त वर्षं होती. आत काळपट लाकूड आणि जुनी चित्रं, मागे बाग. बागेत म्हातारे लोक लोखंडी गोळे फेकण्याचा खेळ खेळत होते, आपल्या गोट्यांचाच मोठा भाऊ. मेहुणा अर्धा तास कडेला उभा राहून, मग न राहवून मराठीतच सल्ले द्यायला लागला. एका आजोबांनी त्याच्या हातात गोळा दिला. पहिलाच नेम बरोबर बसला आणि त्यानंतर आम्हाला गाडी चुकवावी लागली, कारण तो हलेचना.

उन्हाळ्यात रविवारी संध्याकाळी ऊन असेल तर ओस्टेंडच्या किनाऱ्यावरून परतणारे सगळे ब्रसेल्सच्या गाडीत असतात. बसायला जागा हवी तर पाचच्या आत निघा किंवा जेवून आठनंतर. असेन्शनच्या, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या, गुरुवारी येशूच्या पवित्र रक्ताची मोठी मिरवणूक निघते. ती बघायची असेल तर हॉटेल फार आधी घ्या, नसेल तर तो आठवडा टाळा.

बाटल्या न्यायच्या तर चौकातल्या भेटवस्तूंच्या दुकानांपेक्षा साध्या सुपरमार्केटमधून घ्या, तीच बिअर निम्म्या किमतीला मिळते. भारतात कस्टम न भरता माणशी दोन लिटर नेता येतं. ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, अगदी मापात. त्या चेक-इन बॅगेतच जातात. प्रत्येक बाटली मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा. मेहुण्याने सहा बाटल्यांबरोबर सहा ग्लासही घेतले, प्रत्येकीचा तिचा तिचा, आणि मग बॅगेचं वजन भरल्यावर स्वतःचे बूट आमच्याकडे ठेवून गेला.