कुडा लेण्यांजवळचा उपोसथ : ध्यानासाठी रिसॉर्टचे पैसे भरण्याआधी वाचा

आधी पैशांचं सांगते, कारण राग अजून गेलेला नाही.

अलिबागच्या पुढच्या एका रिसॉर्टने 'समुद्रकाठी सजगता ध्यान, दोन रात्री' या नावाखाली माझ्याकडून ९,५०० रुपये घेतले. जाहिरातीत विपश्यनेच्या परंपरेतले शिक्षक, मौन, साधं जेवण असं सगळं लिहिलं होतं. शिक्षक म्हणून आलेल्या मुलाने मोबाइलवर पावसाचा आवाज लावला आणि डोळे मिटायला सांगून तो निघून गेला. बाहेर खरा पाऊस कोसळत होता. बसायच्या आसनाचे ३०० रुपये वेगळे लावले. संध्याकाळी सातपासून शेजारच्या लॉनवर वाढदिवसाचा डीजे, तो रात्री साडेअकरापर्यंत. पैसे परत मागितले तर 'अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही' एवढंच उत्तर. विपश्यनेचे आचार्य गोएंका गुरुजी, त्यांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिरांना राहण्या-जेवणाची फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ती चालतात. कुणी त्या परंपरेचं नाव घेऊन पॅकेज विकत असेल तर फोन तिथेच ठेवा.

त्या रात्री तळा तालुक्यात, कुडा या प्राचीन बौद्ध लेण्यांजवळच्या वाडीत राहणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "उद्या भाद्रपद पौर्णिमा. आमच्या वाडीत उपोसथ आहे, सरळ निघून ये." उपोसथ म्हणजे पौर्णिमेसारख्या दिवशी बौद्ध उपासक जास्तीचे नियम पाळून ध्यानाला बसतात तो दिवस. पहाटेच निघाले. आधी रोहा, मग इंदापूर, तिथून तळा. मुंबईहून येणाऱ्यांनी माणगाव किंवा इंदापूर स्टेशनला उतरावं. तळ्यात एका रिक्षावाल्याने वाडीपर्यंत आठशे मागितले. मी मांदाडच्या बाजूला जाणाऱ्या एसटीची वाट बघितली आणि तिकिटाच्या पैशांत पोचले. एसटी कमी आहेत, तेव्हा परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

वाडीत शिरले तेव्हा साडेदहा झाले होते. मैत्रिणीच्या आईने, म्हणजे काकींनी, हातात टॉवेल दिला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "डोकं पूस आणि जेवून घे, बाराच्या आत." मला वाटलं गावाकडची घाई असेल. नव्हती. उपोसथाला अष्टशील, म्हणजे आठ नियम, घेतात. त्यात विकालभोजन वर्ज्य, म्हणजे दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत जेवण नाही. काकींनी सांगितलं नसतं तर मी चार वाजता भुकेने कासावीस झाले असते. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं पोटभर खाल्लं, तरी रात्री आठच्या सुमाराला पोट बोलायला लागलंच. ज्यांना गोळ्या जेवणानंतर घ्याव्या लागतात त्यांनी हे आधीच सांगावं, कुणी आग्रह करत नाही. उंच पलंगावर झोपायचं नाही, म्हणून रात्री चटई. पावसाळ्यात फरशीला ओल येते, जाड चादर आणा. आणि डासांचं मलम आणाच, मारायची बॅट नको. पहिलंच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं आहे.

विहार लहान आहे, वर पत्रे. पांढऱ्या साड्या नेसलेल्या पंधरा-सोळा बाया, सहा-सात पुरुष, दोन शाळकरी मुली. समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. वर्षावास, म्हणजे भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ, चालू होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी इथे बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचं वाचन होतं. मला कुणी जात, आडनाव, काही विचारलं नाही. "जय भीम, बसा" म्हणाले आणि सतरंजी सरकवली.

त्रिसरण-पंचशील झालं, मग आनापान. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच जाणायचं. पाऊण तास. विसाव्या मिनिटाला माझा उजवा गुडघा पेटला. कोपऱ्यात पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याखाली टोप ठेवला होता, त्यातल्या टप् टप् आवाजावर लक्ष गेलं आणि श्वास सुटला. नंतर मी विधी चालवणाऱ्या बौद्धाचार्यांना म्हटलं, "वेदना फार होते हो, दादा." ते म्हणाले, "पालीत वेदना म्हणजे नुसतं दुखणं नव्हे, ताई. सुखाची असते, दुःखाची असते, आणि दोन्ही नाही अशीही असते. काया, वेदना, चित्त, धम्म, चार ठिकाणी सती, म्हणजे जागरूकता, ठेवायची. गुडघा दुखतोय तर दुखतोय म्हणून जाणा. पायाला मुंग्या आल्या तर हलवा की." ९,५०० रुपयांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळच्या बैठकीत मी गुडघ्याशी झगडले नाही. दुखणं वाढलं, थांबलं, पुन्हा आलं. मला रडू आलं आणि शेजारच्या आजीने फक्त गुडघ्यावर हात ठेवला.

पहाटे आम्ही सात जणी कुडा लेण्यांत बसायला गेलो. ओढ्याकडची पायवाट जवळची म्हणतात, ती पावसाळ्यात घेऊ नका. कातळावर शेवाळ होतं, मी दोनदा आपटले, कोपर सोललं. डांबरी रस्त्याने जा, थोडं लांब पडेल. लेणी २६ आहेत आणि समोर राजपुरीची खाडी. मोठ्या, कोरीव हत्ती असलेल्या सहाव्या लेण्यात बसू नका, तिथे लोक फोटो काढत फिरतात. लहान खोल्या निवडा. भिक्षूंनी झोपण्यासाठी कोरलेला दगडी ओटा तिथे आजही आहे. ही लेणी एकट्या राजाची नाहीत. शिलालेखांत माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी, भिक्षुणी यांची दानं नोंदलेली आहेत. काकी म्हणाल्या, "आमच्यासारखीच माणसं म्हणायची." त्यांनी 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हटलं तेव्हा त्या खोलीत आवाज असा भरला की मला पुढचे शब्द सुचेनात. ओट्यावर टेकू नका, ओल थेट कंबरेत जाते. घडीची सतरंजी न्या.

त्या दिवसाचा उरलेला वेळ छान गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निघताना काकींच्या हातात पैसे ठेवायला गेले तर त्या खरोखर रागावल्या. दान विहाराच्या पेटीत टाकायचं, हातात नाही. तांदूळ, तेल, मेणबत्त्या आणल्या तर चालतात. भांडी घासायला बसा, नको म्हणतील, तरी बसा. आणि आगाऊ कळवल्याशिवाय जाऊ नका, भादव्यात घराघरांत कामं असतात.

रिसॉर्टविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तिथे तेच मागतात.

काल काकींचा फोन आला. "आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो, येशील ना? आदल्या दिवशीच ये, आणि त्या ओढ्याने येऊ नको."