गेटवर उभी गाडी आणि न लिहिलेला रस्ता

मी नेटवर्क दुरुस्तीची कामं करतो. सकाळी साडेदहाला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून फोन आला. "कालपासनं नेट बंद हाय. कास्टिंग भरून गाडी गेटवर उभी हाय, ई-वे बिल निघंना." तिथले दिवाणजी बोलत होते. राज्याबाहेर जाणारा 50,000 रुपयांवरचा माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे जीएसटी पोर्टलवरून काढायच्या वाहतुकीच्या कागदाशिवाय, बाहेर काढता येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एखादं बिल निघालंही असतं, पण त्यांचं बिलिंग सर्व्हरवर, आणि सर्व्हरला वायरशिवाय दुसरा मार्ग नाही.

आदल्या दिवशी जुनी ब्रॉडबँड काढून राउटरच्या त्याच पोर्टात स्टॅटिक आयपीची, म्हणजे कायम एकच पत्ता असलेली, फायबर लाइन जोडली होती. जोडणाऱ्या पोराने राउटरवरून गेटवेला, म्हणजे लाइनवाल्यांच्या टोकाच्या डब्याला, पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, उत्तर आलं, आणि तो "लाइन ओके" म्हणून गेला. पण या लाइनला मिळालेल्या /30 च्या मास्कमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या छोट्या गटात, वापरायचे पत्ते दोनच: एक लाइनवाल्यांचा, एक आपला. दोघे भिंतीला भिंत लागून. शेजाऱ्याने ओ दिली म्हणून पुढचा रस्ता मोकळा आहे, असं कळत नाही.

तिथे जाऊन राउटरला थेट जोडायची कन्सोल केबल लावली आणि माहीत असलेले रस्ते दाखवणारी 'शो आयपी रूट' कमांड दिली. वरच ओळ दिसली: 'गेटवे ऑफ लास्ट रिसॉर्ट इज नॉट सेट', म्हणजे बाहेर जायचा रस्ताच लिहिलेला नाही. जुन्या लाइनवर हा बाहेरचा रस्ता, म्हणजे डिफॉल्ट रूट, डीएचसीपीतून, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीतून, यायचा. स्टॅटिकवर तो हाताने लिहावा लागतो. पोराने लिहिलंही होतं, पण 'आयपी डिफॉल्ट-गेटवे'. ही कमांड राउटिंग, म्हणजे एका नेटवर्कातून दुसऱ्यात रस्ता काढायचं काम, बंद असलेल्या डब्यासाठी, म्हणजे एकाच नेटवर्कातली यंत्रं जोडणाऱ्या लेयर टू स्विचसारख्यांसाठी. राउटिंग चालू असलेला राउटर ती निमूट घेतो आणि वापरत मात्र नाही. एरर येत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला काम झालं असं वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या नव्या पोरांना मी हे पहिल्याच आठवड्यात दाखवतो, कारण यात प्रामाणिक माणूस फसतो.

ती ओळ काढून 'आयपी रूट 0.0.0.0 0.0.0.0' आणि पुढे गेटवेचा पत्ता लिहिला. 8.8.8.8 ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग दिलं. स्क्रीनवर पाच उद्गारचिन्हं ओळीने उमटली, म्हणजे पाचही हाकांना ओ आली. मला हायसं वाटलं.

"अजून न्हाई ओ," दिवाणजी म्हणाले.

रस्ता सापडला होता, नावं सापडत नव्हती. राउटरमध्ये डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर, जुन्या कंपनीचाच होता, आणि तो सर्व्हर त्यांच्या ग्राहकांशिवाय कुणाला उत्तर देत नाही. 'आयपी नेम-सर्व्हर' बदलला. आता राउटरला नावं कळू लागली, पण पीसींना नाहीत, कारण राउटर पीसींना जे पत्ते वाटतो त्या डीएचसीपी पूलमध्ये डीएनएसचा जुना पत्ता वेगळा लिहिलेला. तोही बदलून एकेका पीसीवर 'आयपीकॉन्फिग रिन्यू' केलं. तरी बिलिंग हलेना. शेवटी सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात कुणीतरी कधीकाळी हाताने घातलेला तोच पत्ता सापडला.

पोर्टल उघडलं. दिवाणजी बिल काढायला बसणार, तेवढ्यात मी केलेले बदल सेव्ह करणारी 'राइट मेमरी' कमांड देऊन राउटरचं बटण बंद केलं.

"आत्ता चाललंय की! कशाला बंद करतासा?"

"रात्री लाइट गेली आणि सेव्ह झालेलं नसलं, तर उद्या परत गाडी अडकंल. माझ्यासमोरच बघू या."

राउटर परत उठेपर्यंत ते खुर्चीच्या कडेवर बसून हिरव्या दिव्याकडे बघत होते. पोर्टल आपोआप उघडलं. बिल छापून आलं तसा त्यांनी कागद चौघडी घालून ड्रायव्हरच्या हातात दिला आणि गेट उघडायला स्वतःच गेले.